घराचा आवाज येतो

ती राहायची त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. चार मजले, अरुंद जिना आणि दर वळणावर कुणाची ना कुणाची सायकल साखळीने बांधलेली. तरी अख्खी इमारत तिला लिफ्टवाली म्हणूनच ओळखायची. भाजीच्या पिशव्या घेऊन ती जिना चढताना कुणी भेटलं की हमखास विचारायचं, "काय लिफ्टवाली, आपल्याकडे कधी बसवताय?" ती हसायची. तेवढाच दम खायला मिळाला म्हणून मनातल्या मनात त्या माणसाचे आभारही मानायची.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत ती फोनवर होती. शहरातल्या शेकडो लिफ्ट त्या कंपनीकडे. माणूस आत अडकला की तांबडं बटण दाबायचा आणि बटणाशेजारच्या जाळीतून जो आवाज यायचा, तो हिचा. "घाबरू नका. मी आहे इथे." मग इमारत कुठली, कोणत्या मजल्यापाशी अडकलात, आत किती जण, कुणाला दमा वगैरे आहे का, हे विचारायचं, मेकॅनिकला धाडायचं आणि दार उघडेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं. कधी दहा मिनिटं, कधी पन्नास. एका गृहस्थांनी तिला आपल्या लग्नाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली होती. मुलीकडच्यांचा होकार यायच्या आतच मेकॅनिक पोचला, त्यामुळे पुढे काय झालं ते तिला कधी कळलं नाही.

आवाज तिचा जात्याच चांगला. गोड नव्हे, पण पाठीवर हात ठेवल्यासारखा. म्हणून दोन वर्षांपूर्वी कंपनीने अर्धं ऑफिस बंद केलं तेव्हा इतरांना नारळ मिळाला आणि हिला घरी बसून काम मिळालं. एक कॉम्प्युटर, एक हेडफोन आणि नियमांचा एक कागद. फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा जागा सोडायची नाही. जेवायला अर्धा तास, आणि दोनदा दहा-दहा मिनिटं. त्याव्यतिरिक्त खुर्ची रिकामी दिसली की तिकडे साहेबांच्या पडद्यावर तिच्या नावापुढे तांबडी खूण उमटायची.

शाळा चालू असेपर्यंत हे सगळं सोयीचं होतं. दोन बस बदलून जाण्याची कटकट वाचली होती आणि मुली शाळेतून आल्या की आई घरात दिसत होती. मुली दोन. थोरली तेरा वर्षांची, सगळे तिला ताईच म्हणत, आईसुद्धा. धाकटी सहाची. तिचं नाव घरात पडलं होतं रेडिओ. सकाळी डोळे उघडले की चालू व्हायची ती झोप लागेपर्यंत तोंडाची टकळी बंद नाही. दात घासताना बोलायची, जेवताना बोलायची, कुणी ऐकायला नसलं तर चपलांशी बोलायची. तिचे बाबा म्हणायचे, हिला बंद करायचं बटण बसवायला कारखाना विसरला.

बाबा शीतगृहात कामाला होते. उन्हाळा हा त्यांचा हंगाम, फळांचे ट्रक रांगेने उभे. पहाटे जायचे, रात्री आठ वाजता परतायचे आणि बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना स्वेटर काढून गॅलरीत तापलेल्या भिंतीला पाठ टेकून बसायचे. तिथेच त्यांची मान पडायची.

आधीच्या उन्हाळ्यात मुली दिवसभर दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे असायच्या. या वर्षी काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या सुट्टी संपेपर्यंत येणार नव्हत्या. खाली खेळायला पाठवावं तर नळ टाकायला रस्ता खणलेला, इमारतीच्या तोंडाशीच माणूसभर खड्डा आणि त्यावर आडवी एक फळी. तेव्हा मुली घरात, आई घरात, आणि घर म्हणजे दोन खोल्या अन् स्वयंपाकघर.

पहिले काही दिवस निभावलं. मग एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे अडकले. चिडके होते, त्यात घाबरलेले. ती त्यांना समजावत असताना बाहेरच्या खोलीत ताईने उशी डोक्यावर ठेवून काहीतरी सोंग केलं आणि रेडिओ खदखदून हसली. हेडफोनच्या त्या टोकाला ते हसू गेलं. गृहस्थ सुटले, घरी गेले आणि त्यांनी लेखी तक्रार केली की आपण मरणाच्या दारात असताना कंपनीची बाई आपल्याला हसत होती.

साहेबांचा फोन आला. साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कधी आवाज चढवायचा नाही.

"तुमच्या कामाबद्दल शंकाच नाही, ताई," तो म्हणाला. "पण घराचा आवाज येतो. परत आला तर तुम्हाला इथे ऑफिसात बोलवावं लागेल. माझा इलाज नाही."

ऑफिसात म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास, आणि सहा वर्षांची पोर तेरा वर्षांच्या पोरीच्या भरवशावर. इकडे आड, तिकडे विहीर. त्या संध्याकाळी तिने दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. ताईला एका वाक्यात कळलं. रेडिओने विचारलं, "म्हणजे हळू बोलायचं?" आई म्हणाली, "आठ ते सहा बोलायचंच नाही."

ताई मोठी हिकमती. तिने त्याचा खेळ केला. अळीमिळी गुपचिळी, जी बोलेल ती हरली. खुणा ठरल्या. एक बोट म्हणजे तहान, दोन बोटं म्हणजे शू, पोटावर हात म्हणजे भूक, कान पकडला म्हणजे चुकले. बाकी काही असेल तर पाटीवर लिहायचं, आणि रेडिओला अजून जोडाक्षरं येत नव्हती, म्हणून तिने चित्र काढायचं. स्टीलची ताटं फडताळात गेली, प्लास्टिकची बाहेर आली. कुकर आठच्या आत. टीव्ही मुका. चपला दाराबाहेर. आईच्या खोलीतला पंखा कुरकुरायचा म्हणून बंद, रस्ता खणणाऱ्या यंत्राचा आवाज यायचा म्हणून खिडकीही बंद. ती त्या बंद खोलीत कपाट आणि भिंत यांच्या मधे, मानेवर ओला टॉवेल टाकून दहा तास बसायची आणि अडकलेल्या लोकांना सांगायची की हवा आत येत असते, काळजी करू नका.

रेडिओ हरायची. दिवसातून दहादा हरायची, मग पाचदा, मग दोनदा. सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस उरले तेव्हा ती गोष्ट घडली.

एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन अडकली होती. लिफ्टमधला दिवा गेला होता. बाळ किंचाळत होतं आणि बाई रडत होती. तेवढ्यात दार ढकलून रेडिओ आत आली. कपाटाच्या दारात तिचं बोट चेमटलं होतं, नख काळंनिळं झालं होतं. तिने तोंड उघडलं. हुंदका वर येतोय, आता किंकाळी फुटणार, हे आईला दिसलं, आणि तिचा डावा हात आपोआप पुढे गेला. तिने लेकीच्या तोंडावर तळवा दाबला. घट्ट. आणि त्याच वेळी, त्याच नेहमीच्या आवाजात, ती त्या बाईला म्हणाली, "रडा तुम्ही, मोकळेपणाने रडा. मी ऐकतेय. मी कुठे जात नाही."

चार मिनिटं. तळव्याखाली गरम श्वास, लाळ, अश्रू. मग अंग सैल पडलं, तेव्हा तिने हात काढला. रेडिओच्या गालांवर बोटं उमटली होती. तिने दुसऱ्या हाताने स्वतःचा कान पकडला, चुकले म्हणून, आणि पाय न वाजवता बाहेर गेली.

जेवणाच्या सुट्टीत आईने बोटाला बर्फ लावला, जवळ घेतलं, पापे घेतले. रेडिओ काही म्हणाली नाही. त्या दिवसानंतर ती एकदाही हरली नाही.

खरं सांगायचं तर आईला हायसं वाटलं. पोर शहाणी झाली, असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा. तो आठवडा गडबडीचाच होता. वह्यांना कव्हरं घालायची होती, ताईचा गणवेश उसवून लांब करायचा होता, रेडिओला नवे बूट आणायचे होते. बुटाच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "टोचतात का गं?" रेडिओने मान हलवली. कुठले हवेत म्हटल्यावर बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "अशी गुणी मुलं हल्ली राहिली नाहीत." आईला त्याचा अभिमान वाटला. ही गोष्ट पुढे तिला फार दिवस खुपत राहिली.

शाळा सुरू झाली. रेडिओ पहिलीत गेली. नवी इमारत, नव्या बाई, तिला आधीपासून ओळखणारं कुणी नाही. ताई तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडायची आणि अडीचला दोघी परत यायच्या. आल्या की तेच. बूट दाराबाहेर, खुणा, पाटी, सहा वाजेपर्यंत चिडीचूप.

आठव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, शाळेतून बाईंचा फोन आला. वयाने पोक्त वाटल्या. म्हणाल्या, जरा विचित्र वाटेल, पण विचारते. मुलीला बोलता येतं ना?

लिफ्टवाली हसली. म्हणाली, "अहो बाई, तिला घरी रेडिओ म्हणतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, आठ दिवसांत एक शब्द नाही. हजेरीला हात वर करते. इतर मुलांना हाताची घडी, तोंडावर बोट म्हणून ओरडावं लागतं. ही तशीच बसलेली असते. पहिल्याच दिवशी तिने दोन बोटं वर केली. बाईंना वाटलं, फळ्यावरचा दोन आकडा दाखवतेय, त्यांनी शाबास म्हटलं. तिने बोटं खाली घेतली नाहीत. बराच वेळ तशीच बसली. शेवटी बाकाखाली ओलं झालं तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. तरी रडली नाही. कान पकडून उभी राहिली.

फोन ठेवला तेव्हा सुट्टीची अकरा मिनिटं उरली होती. समोरचं ताट तसंच होतं. तिला लगेच खाली उतरून शाळेत जावंसं वाटलं, पण जायला वीस मिनिटं आणि यायला वीस. तिने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाला, आज दोघंजण रजेवर आहेत, ताई, आज नको. मग तिने नवऱ्याला फोन केला. शीतगृहातला हंगाम ओसरत आला होता, त्यामुळे तो दोन तासांची सवड काढून, स्वेटर काखेत मारून शाळेत गेला.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने सगळं सांगितलं. तो मोजकंच बोलायचा. बाईंनी विचारलं, घरी बोलते का? त्याने सांगितलं, नाही. हल्ली घरीही नाही बोलत.

"असं कसं सांगितलंत?" ती म्हणाली. "बोलते की."

"कधी?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच आठवत होता.

तिनेही आठवून पाहिलं. सहा वाजता हेडफोन काढला की तिचे कान शिणलेले असायचे, घसा कोरडा. दहा तास बोलून झाल्यावर तिला कुणाचा शब्द नको असायचा, स्वतःचासुद्धा. संध्याकाळी घर शांत असायचं आणि ती शांतता तिला बरी वाटायची. त्या शांततेत किती दिवस रेडिओचा आवाज नव्हता, हे तिला मोजता येईना. तिने ताईला विचारलं. ताई पाटी पुसत होती. मान खाली घालून म्हणाली, "माझ्या कानात बोलते कधी कधी. तुला सांगू नको म्हणाली होती. तुला त्रास होतो ना."

रविवारी ती रेडिओला घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात गेली. ऊन उतरलं होतं, माणूस नव्हतं, लांब एक कुत्रं झोपलं होतं. तिने खाली बसून लेकीचे दोन्ही हात धरले.

"ओरड," ती म्हणाली. "काय वाटेल ते ओरड. इथे कुणी नाही."

रेडिओने आजूबाजूला पाहिलं. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन, श्वासाइतक्या आवाजात विचारलं, "तुझा फोन चालू आहे?"

आईने दोन्ही कान मोकळे करून दाखवले. रेडिओ त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटत नव्हतं. मग आईच मोठ्याने बोलली. म्हणाली, त्या दिवशी मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. ती चूक तुझी नव्हती, माझी होती. तुला लागलं होतं, तू ओरडायलाच हवं होतं. हे सगळं तिने खुल्या आवाजात सांगितलं आणि तिचं तिलाच जाणवलं की हा तिचा कामाचा आवाज नाही. तो चिरकत होता. रेडिओने ऐकून घेतलं, एक गुळगुळीत दगड उचलून खिशात टाकला, आणि दोघी घरी आल्या. ओरडणं राहून गेलं.

सोमवारी सकाळी आठच्या आत तिने साहेबांना फोन केला. म्हणाली, मला ऑफिसात यायचंय.

"पण तक्रार तर परत आली नाही," तो गोंधळून म्हणाला. "तुमच्या घरचा आवाज आता अजिबात येत नाही. मी बाकीच्यांना तुमचं उदाहरण देतो."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

त्याला ते कळलं नाही. तिने समजावलंही नाही. पंधरा दिवसांत कंपनीने तिचा कॉम्प्युटर उचलून नेला. कपाट आणि भिंतीच्या मधे भिंतीचा एक चौकोन पांढरा राहिला.

आता ती साडेपाचला निघायची आणि साडेआठला परत यायची. सकाळचं बाबा बघायचे. त्यांची वेळ आता सुटसुटीत झाली होती. दुपारी अडीचपासून शिवणाऱ्या काकू. नातवाचं बारसं उरकून त्या परतल्या होत्या. त्यांचं मशीन दिवसभर खडखडायचं, त्या स्वतः मशीनपेक्षा मोठ्याने बोलायच्या, आणि बोलताना मधेच टाचण्या तोंडात धरायच्या, त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं कुणाला कळायचं नाही. पहिले आठ दिवस रेडिओ त्यांच्या पायाशी चिंध्या गोळा करत बसली. नवव्या दिवशी काकूंनी टाचण्या दातांत धरून काहीतरी मागितलं, आणि रेडिओ चक्क म्हणाली, "काय म्हणालात?"

हे लिफ्टवालीला काकूंनी जिन्यात सांगितलं. त्यानंतर अशा बातम्या येत राहिल्या. ताईशी दिवसभर भांडली. बाबांना चिमट्याची गोष्ट सांगितली, जिला शेवट नव्हता. मग शाळेच्या बाईंचा फोन आला, तोही ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत. रेडिओ वर्गात बोलली होती. पहिलं वाक्य असं, "बाई, ही माझी पट्टी देत नाही." बाई म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवतेय, पण चहाडीचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

सगळ्यांच्या कानांवर तो आवाज पडत होता. आईच्या सोडून. साडेआठला ती जिना चढायची, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वरून बडबड ऐकू यायची, आणि दाराला किल्ली लागली की बडबड थांबायची. आत गेल्यावर रेडिओ येऊन बिलगायची, हसायची, हाताने दाखवून काय काय सांगायची. कानात कुजबुजायचीही. पण आवाज काढायची नाही. आईचा चेहरा दिसला की शांत व्हायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं, आणि ते कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, म्हणून कुणाला काढताही येत नव्हतं.

लिफ्टवाली काही दिवस तिसऱ्या मजल्यावरच थांबायला लागली. पायरीवर बसून पाच-दहा मिनिटं ऐकायची. शेजारच्या एका आजोबांनी विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, दम लागला. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो नेहमीसारखा थोडकंच बोलला. "घाई करू नकोस. तुझ्याशी सगळ्यात शेवटी बोलेल. पण बोलेल."

चार महिने गेले. सहामाही परीक्षा झाली. एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात ओटा घासत होती. नवरा झोपला होता, ताई केस विंचरत होती, रेडिओ न्हाणीघरात अंघोळ करत होती. आणि एकदम आतून ओरडणं आलं.

"आई! साबण गेला डोळ्यात! आई!"

ती हातातला घासणीचा फेस तसाच ठेवून उभी राहिली. ताई कंगवा थांबवून आईकडे बघत होती. दोघींपैकी कुणी हललं नाही.

"आईऽऽ! ऐकू येत नाही का? झोंबतंय!"

मग ती धावली. तांब्याने डोळ्यांवर पाणी मारलं, पुसलं, परत मारलं. रेडिओ पाय आपटत होती. लालबुंद डोळे उघडून तिने आईला झापलं, "किती हाका मारल्या! कुठे होतीस?"

"इथेच होते," ती म्हणाली.

त्यावर रेडिओने तिला साबण डोळ्यात कसा गेला, तो कुठल्या बाजूने निसटला, आणि वर्गातल्या एका मुलीच्या डोळ्यात एकदा खडूची भुकटी गेली होती तेव्हा तिने काय केलं, हे सगळं सांगितलं. न्हाणीघरात तिचा आवाज घुमत होता. आई ओल्या फरशीवर बसून ऐकत राहिली. साडी पार भिजली.

लिफ्टवाली अजून त्याच ऑफिसात आहे. सोमवार ते शनिवार ती अंधारात निघते तेव्हा मुली झोपलेल्या असतात, आणि परत येते तेव्हा धाकटीची जेवता जेवता मान पडत असते. साहेबांनी एकदा विचारलं, परत घरून काम करायचं का? तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणून सांगितलं. रेडिओची बडबड तिला ऐकायला मिळते ती आठवड्यातून एकदा, रविवारी, सकाळी उठल्यापासून. त्या दिवशी तिला खरं तर झोप हवी असते.